भौमितिक अमूर्त चित्र घरी आणलंय? खिळा ठोकायच्या आधी आठवडाभर नुसतं बघा

चौकोन, त्रिकोण, वर्तुळं, सरळ रेघा आणि रंगांचे सपाट पट्टे एवढंच असलेलं चित्र घरात आलं की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी होतात. कोणीतरी विचारतं "यात आहे काय नक्की?" आणि कोणीतरी हातोडी शोधायला लागतं. माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ द्या, आणि हातोडी मात्र आठवडाभर कपाटातच राहू द्या. चित्र कुठे लावायचं, किती उंचीवर, कुठल्या उजेडात, फ्रेम कसली, यातलं जवळपास सगळं त्या आठवड्यात चित्रच तुम्हाला सांगतं.

आणि भौमितिक चित्राच्या बाबतीत हे जरा जास्तच खरं आहे. निसर्गचित्र थोडं चुकीच्या जागी लागलं तरी खपून जातं, झाडं आणि डोंगर सगळं सांभाळून घेतात. इथे मात्र रेघ, कड, रंग आणि मधली मोकळी जागा एवढंच भांडवल असतं, त्यामुळे चित्र चार मिलिमीटर तिरकं असलं तरी दिसतं, भिंतीचा रंग बदलला की चित्रातला रंगही बदलल्यासारखा वाटतो, आणि काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडलं की अख्खी रचनाच मोडते, कारण तिच्यात एक उजळ चौकोन फुकटचा घुसलेला असतो. माझं पहिलं चित्र मी आणल्या दिवशीच खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावलं होतं, काचेसकट, आणि दिवसभर त्यात चित्र कमी आणि खिडकीच जास्त दिसायची. दोन महिन्यांनी काढलं तर भिंतीला दोन भोकं उरली. तेव्हापासून आधी बघायचं आणि मग ठोकायचं असं ठरवून टाकलंय.

पहिला आठवडा: टेकवून ठेवा

चित्र एखाद्या बुटक्या कपाटावर किंवा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ते साधारण डोळ्यांच्या जवळच्या उंचीवर येईल. अगदी जमिनीवर ठेवलं तर आपण वरून खाली बघतो, मग वरचा भाग मोठा आणि खालचा बारीक वाटतो आणि आडव्या-उभ्या रेघांचा तोल कळत नाही. खाली फेल्टचा किंवा जाड कापडाचा तुकडा घाला म्हणजे घसरणार नाही. मागून कॅनव्हासला कशाचाही कोपरा टोचत नाही ना तेही बघा, कारण कॅनव्हासला मागून पडलेला पोचा पुढून उठून दिसतो आणि सपाट रंगाच्या पट्ट्यावर तर तो लपतच नाही.

मग दर एक-दोन दिवसांनी जागा बदला. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावल्यावर बघा आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आधीच्या त्या अर्धवट उजेडात नक्की बघा. त्या वेळी निळे रंग जरा उजळ वाटायला लागतात आणि लाल रंग काळपट होत जातात, कारण कमी उजेडात आपल्या डोळ्यांचं काम करणंच बदलतं. अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक असलेल्या कांडिन्स्कीने स्वतः लिहून ठेवलंय की एकदा संधिप्रकाशात स्टुडिओत शिरल्यावर त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, ज्यात ओळखीचं असं काहीच नव्हतं, नुसते आकार आणि रंग, आणि जवळ जाऊन बघितल्यावर कळलं की ते त्याचंच चित्र होतं, फक्त आडवं टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्याने तोच अनुभव परत आणायचा प्रयत्न केला तर तो अर्धामुर्धाच आला. उजेड आणि जागा एवढा फरक पाडतात.

बघायचं म्हणजे नक्की काय करायचं

रोज दहा मिनिटं द्या, फोन बाजूला ठेवून. तीन अंतरांवरून बघा: खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, मग चित्राच्या कर्णाच्या साधारण दीड ते दुप्पट अंतरावरून, आणि शेवटी अगदी जवळून, हातभर अंतरावरून.

लांबून बघताना एकच प्रश्न विचारा, नजर आधी कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते. भौमितिक चित्रात वजन असतं. गडद चौकोन जड वाटतो, पिवळा हलका, खाली ठेवलेला आकार स्थिर वाटतो आणि तोच वर नेला की लोंबकळल्यासारखा. डोळे अर्धे मिटून बघितलं की रंग थोडे मागे पडतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. फोनवर चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढूनही हेच कळतं, आणि बऱ्याचदा धक्का बसतो, कारण जे दोन रंग एकमेकांपासून इतके वेगळे वाटत होते ते फोटोत एकाच राखाडी छटेचे निघतात. असे दोन रंग शेजारी असले की त्यांची मधली कड थरथरल्यासारखी दिसते आणि चित्रकाराने ते बहुतेक वेळा मुद्दाम केलेलं असतं.

मधल्या अंतरावर आलात की एक डोळा मिटा आणि तळहात डोळ्यासमोर असा धरा की चित्रातला एक आकार झाकला जाईल (चित्राला हात अजिबात लावायचा नाही). एखादा छोटासा लाल तुकडा झाकल्यावर अख्खं चित्र एका बाजूला कलंडतं, तर एखादा भला मोठा निळा पट्टा झाकला तरी फारसं काही बिघडत नाही. माझ्या मते चित्र समजून घ्यायचा याहून सोपा आणि प्रामाणिक मार्ग नाही, कारण कोणता आकार किती काम करतोय हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेलं असतं.

जवळून बघताना कडांकडे बघा. हातभर अंतरावर भौमितिक चित्र एकदम माणसाचं वाटायला लागतं. मास्किंग टेप लावून रंगवलेली कड असेल तर तिथे रंगाची बारीकशी उंच रेघ बोट न लावताही दिसते, हाताने ओढलेली असेल तर ती जराशी श्वास घेतल्यासारखी हलते. काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डच चित्रकार मोंद्रियानची चित्रं छापील फोटोत फूटपट्टीने आखल्यासारखी वाटतात, पण त्याच्या बऱ्याच चित्रांत काळ्या रेघा एका जाडीच्या नसतात, काही रेघा कॅनव्हासच्या कडेच्या जरा अलीकडेच थांबतात, आणि पांढरे चौकोन सगळे एकाच पांढऱ्याचे नसतात, कुठे थोडा राखाडी तर कुठे थोडा निळसर. मालेविच या चित्रकाराचा १९१५चा 'काळा चौकोन' तर काटेकोर चौरसही नाही, बाजू नेमक्या समांतर नाहीत, आणि काळा रंग तडकून त्याच्या भेगांमधून खालचे रंग डोकावतात. तपासणीत त्या काळ्याखाली आधीची रंगीत रचना सापडली हे २०१५ मध्ये जाहीर झालं. तुमच्या घरातल्या चित्रातही अशा जागा शोधा, प्रिंट असेल तर रेघांच्या जाडीत आणि पांढऱ्याच्या छटांमध्ये शोधा.

रंगांसाठी एक साधन बनवा. राखाडी पुठ्ठ्याला चार-पाच सेंटीमीटर अंतरावर दोन छोटी चौकोनी भोकं पाडा आणि त्यातून चित्रातले दोन रंग बघा, म्हणजे आजूबाजूचे रंग झाकले जातात. भोकातून दिसणारा रंग आणि उघड्यावर दिसणारा रंग यात बराच फरक पडतो. चित्रकार जोसेफ आल्बर्सने या एका गोष्टीवर १९५० पासून १९७६ मध्ये जाईपर्यंत काम केलं, एकात एक बसवलेल्या चौकोनांची हजाराहून जास्त चित्रं केली. त्यातले चौकोन मधोमध नसतात, खाली सरकलेले असतात, आतल्या चौकोनाच्या खाली जेवढी जागा त्याच्या दुप्पट बाजूंना आणि तिप्पट वर असं ते प्रमाण. त्यामुळे ते कधी बोगद्यासारखे आत जाताना दिसतात तर कधी पुढे येताना.

आता तो "यात आहे काय" वाला प्रश्न. काही चित्रकारांच्या आकारांमागे ठाम अर्थ असतो, सय्यद हैदर रझांच्या चित्रातला बिंदू हा त्यांच्यासाठी सगळ्याचा उगम होता, स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंटची वर्तुळं तिच्या अध्यात्माशी जोडलेली होती. उलट अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला म्हणायचा की जे दिसतंय तेच आहे, मागे काही शोधू नका. दोन्ही तऱ्हेचे लोक मोठे चित्रकार झाले, तेव्हा तुम्हाला अर्थ सापडला तर उत्तम, आणि नाही सापडला तरी काही अडत नाही.

वरची बाजू कुठली

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. मोंद्रियानचं १९४१चं रंगीत चिकटपट्ट्यांचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे चित्र कित्येक दशकं उलटं टांगलेलं होतं, हे २०२२ मध्ये समोर आलं. त्याच्या स्टुडिओच्या जुन्या फोटोत ते ईझलवर दुसऱ्या बाजूने दिसतं, दाट पट्ट्यांचा गठ्ठा वर. आता ते सरळ करायला गेलं तर जुन्या चिकटपट्ट्या सुटून यायची भीती, म्हणून संग्रहालयाने तसंच ठेवायचं ठरवलं.

तर मागची बाजू बघा, सही, बाण, नाव, तारीख काय लिहिलंय ते. टांगण्यासाठी आधीच बसवलेल्या कड्या असतील तर त्याही सांगतात. चित्रकाराने बाजू ठरवलेली असेल तर ती तशीच ठेवा, आपल्या सोफ्यासाठी फिरवू नका. स्वतः काढलेलं असेल किंवा काहीच खूण नसेल तर फोनवर फोटो चारही बाजूंनी फिरवून बघा, कुठल्या बाजूने तोल बसतो ते लगेच कळतं.

भिंत निवडताना

आठवडाभरात दोन जागा आपोआप पुढे आलेल्या असतील. आता त्यांच्यात काय बघायचं ते सांगतो.

आधी अंतर. मीटरभर रुंद चित्र अरुंद पॅसेजमध्ये लावलं तर ते कायम तिरकंच दिसणार, समोर उभं राहायला मागे जागाच नाही. छोटं, बारीक रेघांचं चित्र मात्र पॅसेजमध्ये छान राहतं कारण त्याला जवळूनच बघायचं असतं. सोफ्यावर लावायचं असेल तर चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश आणि मधलं अंतर १५ ते २५ सेंटीमीटर हा अंदाज बरा पडतो.

मग शेजारच्या रेघा. खोलीत आधीच भरपूर भूमिती असते, पुस्तकांचे कप्पे, खिडकीचे गज, टाइल्सचे सांधे, पट्ट्यांचे पडदे. रेघांच्या चित्राला रेघांच्या गर्दीत ठेवलं की ते हरवतं. मला अशा चित्रासाठी बऱ्यापैकी रिकामी भिंत आणि जवळपास एखादी गोल किंवा मऊ वस्तू आवडते, कुंडीतलं झाड, गोल दिवा, कापडी खुर्ची. चित्रातल्याच चौकोनांचे उशांचे अभ्रे मात्र आणू नका. चित्रातला रंग खोलीत उचलायचा असेल तर त्यातला सगळ्यात कमी जागा घेणारा रंग उचला, आणि तोही एकाच ठिकाणी.

भिंतीचा रंग हा खरा मोठा विषय आहे. रंगाचा शेजार बदलला की रंग बदललेला भासतो हे शेव्ह्रलने १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं, आणि तो पॅरिसमधल्या गोबेलाँच्या चित्रविणकामाच्या कारखान्यात रंगाईचं काम बघणारा रसायनशास्त्रज्ञ होता, तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली आणि त्याने शोधून काढलं की धाग्यात खोट नाही, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसतोय. घरी हेच होतं. पिवळसर क्रीम भिंतीवर चित्रातला स्वच्छ पांढरा निळसर आणि थंड दिसतो, हिरवट भिंतीवर राखाडी पट्टा गुलाबीकडे झुकतो. रंगाच्या डब्याचा खर्च करायच्या आधी मोठा कागद रंगवून चित्राच्या मागे लावून बघा, चारी बाजूंनी फूटभर बाहेर येईल इतका मोठा. मला हलका कोमट राखाडी सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यावर चित्रातला पांढरा पांढराच राहतो आणि काळ्या रेघा फार करकरीत होत नाहीत.

थेट ऊन पडणारी भिंत नको, रंग उडतात, आणि सपाट पट्ट्यात उडालेला रंग ठिगळासारखा दिसतो. ओल येणारी बाहेरची भिंत नको. एसीच्या थेट झोताखाली किंवा शेगडीच्या जवळही नको. आणि दाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, डोळ्यासमोर हलल्यासारखं दिसणारं चित्र असेल तर ते कामाच्या टेबलासमोर लावू नका, अशा नक्षीने काहींना डोकेदुखी होते, मायग्रेनवाल्यांना तर विशेष.

फ्रेम

थोडक्यात सांगतो. कॅनव्हास असेल तर फ्लोटर फ्रेम घ्या, म्हणजे चित्र आणि फ्रेमची पट्टी यांच्यात ५ ते १० मिलिमीटरची फट राहते आणि फट सावलीने गडद दिसते. साध्या फ्रेमचा ओठ चित्राची कड काही मिलिमीटर झाकतो, आणि कडेच्या जरा अलीकडे थांबणारी रेघ असेल तर ती झाकलीच जाते, सगळी गंमतच गेली. कॅनव्हासच्या बाजूही रंगवलेल्या असतील तर फ्रेम नसली तरी चालतं. नक्षीदार सोनेरी फ्रेम टाळा. कागदावरचं काम असेल तर आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा, कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा), आणि काच यूव्ही अडवणारी आणि कमी चमकणारी. ती महाग पडते पण गडद रंगाच्या चित्रात साधी काच म्हणजे आरसाच.

मोजमाप आणि टांगणं

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर येऊ द्या, उभं राहून बघण्यासाठी. जिथे बहुतेक वेळ बसूनच बघणार तिथे दहा-पंधरा सेंटीमीटर खाली घ्या. लोक सर्रास फार उंच टांगतात आणि मग मान वर करून कोणी दहा मिनिटं बघत नाही.

हिशोब असा. समजा चित्र ९० सेंटीमीटर उंच आहे आणि मध्य १४५ वर हवाय. तर वरची कड १४५ अधिक ४५ म्हणजे १९० वर येईल. आता मागची कडी वरच्या कडेपासून किती खाली आहे ते मोजा, समजा ६ सेंटीमीटर, तर स्क्रू १८४ वर. तार असेल तर तार वर ताणून धरून मोजायचं, सैल असताना मोजलं तर चित्र खाली येतं.

भौमितिक चित्राला मी तार लावतच नाही. एका खिळ्यावर तारेने लटकलेलं चित्र दार आपटलं तरी कलतं आणि मग रोज येता-जाता बोटाने सरळ करत बसावं लागतं. दोन कड्या थेट दोन स्क्रूवर अडकवल्या की प्रश्न मिटला. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे चित्राच्या मागे दोन्ही कड्यांवरून मास्किंग टेपची एक लांब पट्टी ताणून धरायची, कड्यांची जागा पेनाने खूण करायची, मग तीच पट्टी भिंतीवर पाणसळ लावून नेमकी आडवी चिकटवायची आणि खुणांवरच ड्रिल मारायचं. टेपमुळे गिलाव्याचे टवकेही उडत नाहीत. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लग घालूनच स्क्रू बसवा, पोकळ पार्टिशनला त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात ते घ्या आणि त्यावर लिहिलेलं वजन वाचा. ड्रिल करायच्या आधी स्विचबोर्ड आणि नळ कुठे आहेत ते बघा, त्यांच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर आणि पाइप बहुतेक तिथूनच जातात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टचे ठिपके चिकटवा, म्हणजे चित्र सरकत नाही आणि मागून हवा खेळती राहते.

आणि मग पाणसळीने अगदी सरळ लावलेलं चित्र तिरकं दिसतंय असं होईल, हे हमखास होतं, कारण घराची छताची रेघ किंवा दाराची चौकटच ओळंब्यात नसते. अशा वेळी त्या वाकड्या रेघेपासून चित्र लांब सरकवा, निदान ३० सेंटीमीटर. जागा नसेल तर दोघांच्या मध्ये समेट करा, पाणसळ जे सांगते आणि चौकट जे सांगते त्याच्या मधोमध. शेवटचा निकाल मात्र समोरच्या खुर्चीत बसलेल्या डोळ्यांचा.

उजेड

छतावरचा दिवा चित्रावर उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशात पडला पाहिजे. छताची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, त्याला ०.५८ ने गुणा, तेवढ्या अंतरावर भिंतीपासून दिवा. २८० सेंटीमीटरचं छत आणि मध्य १४५ असेल तर १३५ गुणिले ०.५८ म्हणजे ७८ सेंटीमीटर. याहून भिंतीच्या जवळ आणला तर फ्रेमची लांब सावली चित्रात एक नवी रेघ काढते, लांब नेला तर काच चमकते किंवा तुमचीच सावली पडते.

एलईडी घेताना डब्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे का बघा, कमी असेल तर लाल रंग मरतो. पिवळ्या-लाल चित्राला ३००० केल्विन (उजेड किती पिवळट की पांढरा ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे पिवळट) चालतं, पांढरा आणि निळा जास्त असेल तर मी ३५०० कडे जाईन. संग्रहालयांमध्ये कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) आणि तैलचित्र-ॲक्रेलिकला २०० लक्सच्या आसपासच उजेड देतात, तेव्हा घरी फ्लडलाइट लावायची काही गरज नाही, आणि बघत नसाल तेव्हा दिवा बंद.

काळजी

ॲक्रेलिक रंग वाळल्यावरही थोडा मऊच राहतो आणि उकाड्यात धूळ धरून ठेवतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी स्वच्छ, कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने हलक्या हाताने झटका. ओलं फडकं नाही, काच पुसायचा स्प्रे तर चित्राच्या जवळही नको. फ्रेमची काच पुसायची असेल तर स्प्रे फडक्यावर मारा. घर बदलताना ॲक्रेलिकच्या पृष्ठभागावर बबल रॅप थेट गुंडाळू नका, त्याच्या गोळ्यांचे ठसे रंगावर उमटतात, मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घाला.

काही वर्षांनी कॅनव्हास सैल पडला की सरळ रेघ मधोमध पोटासारखी फुगलेली दिसायला लागते. मागे सांगाड्याच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या अगदी हलके ठोकून थोड्या आत सरकवल्या की कॅनव्हास परत ताणला जातो, प्रत्येक कोपऱ्यात सारखीच, आणि हातोडी व कॅनव्हास यांच्यामध्ये पुठ्ठा धरून. पाचरी नसतील किंवा रंगाला भेगा दिसत असतील तर स्वतः हात लावू नका, चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

वर्षातून एकदा चित्र खाली उतरवा, कड्या आणि स्क्रू घट्ट आहेत का बघा, मागे भिंतीवर ओलीचा डाग नाही ना बघा, आणि उतरवलंच आहे तर दोन-तीन दिवस परत कुठेतरी टेकवून ठेवा. ऋतू बदलला की खिडकीतून येणाऱ्या उन्हाची दिशा बदललेली असते, आणि गेल्या वर्षी जी भिंत नको वाटली होती तीच कदाचित आता बरोबर निघेल.